एयनारचा तांबडा दिवा

एयनार थ्यूगेसनने जन्मात कधी तांबडा दिवा ओलांडला नव्हता, आणि ही गोष्ट त्याने कुणाला विसरूही दिली नव्हती. सायकल थांबवण्याआधी, मागच्यांना इशारा म्हणून, तो हात असा ताठ वर करायचा, जणू वर्गात उत्तर येणारा हा एकटाच.

सुट्टीला तो आणि बायको विबेके सायकली घेऊन डेन्मार्कच्या ऑर्हूसला आले. तीन दिवस विबेकेने त्या शहरात मुख्यतः नवऱ्याची पाठ पाहिली. चौथा दिवस मात्र तिचा होता. दहाच्या बोटीने समोरच्या बेटावर जायचं, बहिणीच्या, आग्नेतेच्या सत्तरीला. मागचे तीन वाढदिवस एयनारच्या कुठल्या ना कुठल्या नियमात बसले नव्हते. आता आग्नेतेची नजर जात चालली होती. "यंदा तुझा चेहरा दिसेल. पुढच्या वर्षीचं मी सांगत नाही," ती फोनवर म्हणाली होती.

बंदराच्या अलीकडे शेवटचा सिग्नल. तांबडा. एयनारने हात वर केला, थांबला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली, दिवा काही हलेना. मागे आणखी सहा सायकली येऊन उभ्या राहिल्या. सगळे शहाणे, सगळे गप्प. धक्क्यावरची बोट इथून दिसत होती.

"बिघडलाय तो. चल ना," विबेके म्हणाली.

"बिघडलाय हे तू ठरवणार?"

"पावणेदहा झालेत, एयनार."

"मग लवकर निघायचं होतं. तुलाच अंडं नीट उकडून हवं होतं."

तेवढ्यात एक बाई तांबड्यातच बिनधास्त पलीकडे गेली. "पर्यटक असणार," एयनार पुटपुटला. मागच्या सहा जणांनी माना डोलावल्या. डोलावणारच. यांना बुडत्या जहाजात ठेवलं तरी आधी रांग लावतील.

विबेकेने केकची टोपली चाचपली. मग पेडल मारलं आणि गेली, तांबड्यातून, हात न दाखवता.

"विबेके, लोक बघतायत," एयनार ओरडला. लोक बघतच होते, पण जागचं कुणी हललं नाही.

सव्वादहाला दुरुस्तीवाला आला. "हा काल संध्याकाळपासून असाच आहे. तुम्ही कधीपासून उभे आहात?" त्याने विचारलं. त्याने दिवा हिरवा करून दिला, तेव्हा कुठे मंडळी हलली.

एयनार धक्क्यावर पोचला, तर बोट केव्हाच गेलेली, पाण्यावर फेसही उरला नव्हता. फोन वाजला. विबेकेचा निरोप होता: 'केक शाबूत आहे. आग्नेतेकडे महिनाभर राहते, तिला वाचून दाखवायला कुणीतरी हवंय. तू सावकाश ये. न आलास तरी ती विचारणार नाही.'

त्याने निरोप दोनदा वाचला. त्याला वाईट वाटलं, खरोखर वाटलं, पण पटकन राग काढायला समोर कुणी नव्हतं. तो परत फिरला. त्याच चौकात दिवा नुकताच तांबडा झाला होता. एयनारने हात वर केला आणि सवयीने मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.