थर्मनने सुचवलेली होडी

अमेरिकेतल्या वॉनचीज गावात, खाडीकाठी थर्मन आणि डेलमस यांच्या शेड समोरासमोर होत्या. तरुणपणी दोघं एकाच छपराखाली हौशी मासेमारीच्या होड्या बांधायचे. पुढे होडीच्या तळावरून बिनसलं. थर्मन होडीचं पुढचं टोक, म्हणजे नाळ, वरच्या अंगाला बाहेर फाकवायचा; त्यानं लाटेचं पाणी बाजूला उडे. मागचा तळ मात्र जवळजवळ सपाट ठेवायचा. डेलमसला तळ पार मागपर्यंत खोल आणि धारदार हवा होता. बोलणं तुटलं ते तुटलंच.

यंदा थर्मनचे गुडघे गेले. फळी वाकवायला वर चढला, की उतरताना बायकोला हाक मारावी लागे. अशात बेकविथ नावाचं गिऱ्हाईक आलं. त्याला भर समुद्रात मार्लिन मासे धरायला होडी बांधून घ्यायची होती, आणि पाठीचं ऑपरेशन झालेलं.

"डेलमसच्या होडीतून फिरून आलो," तो म्हणाला. "तुमच्यात नि त्यांच्यात फरक काय, ते तुम्हीच सांगा."

"मी तिच्यात कधी बसलोच नाही," थर्मन म्हणाला. "चला, बसून बघू."

थर्मन आणि बेकविथ डेलमसच्या होडीत चढले. डेलमसने सुकाणूचं चाक हातात घेतलं. खाडीच्या तोंडाबाहेर वारा समोरून होता. आता आदळणार म्हणून थर्मनने सवयीने दात आवळले. पण होडी लाटेवरून अलगद उतरली. पाणी मात्र थेट तोंडावर आलं. वेग कमी करून गळ सोडले, तशी ती डुलायला लागली.

"भिजवलंस की रे!"

"तुझ्या होडीत माणूस कोरडा राहतो, पण कवळी हलते," डेलमस म्हणाला.

धक्क्यावर उतरल्यावर थर्मनने बेकविथला सांगून टाकलं, "पाठ सांभाळायची तर हीच घ्या."

संध्याकाळी डेलमस त्याच्या शेडमध्ये आला. "हातचं गिऱ्हाईक घालवलंस. डोकं फिरलं का तुझं?"

"दमलोय रे. तुझी होडी चांगली आहे, हे इतकी वर्षं कबूल करायचं नव्हतं. त्याचाही शीण येतो."

डेलमस फळ्यांच्या ढिगावर बसला. "बेकविथच्या होडीची नाळ तू करतोस? पाणी तोंडावर यायचं थांबेल."

"वर चढवत नाही आता."

"खुर्चीत बस. कुठं वाकवायचं, तेवढं सांग."

"सांगितलेलं ऐकशील?"

"नाही."

थर्मन हसला. "येतो मग. पण उद्या नको. उद्या मी झोपणार आहे."