तश्बीह म्हणजे उपमा

दारव्ह्याच्या शाळेत मी दहावीत होते. मराठीच्या सरांनी अलंकार शिकवायला घेतले आणि मी पुरती गोंधळले. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक. सगळीकडे एक वस्तू दुसरीसारखीच, मग नावं तीन कायले? आमच्या घरात हिंदी चाले. मराठी मी शाळेत आणि शेजारीपाजारी शिकलेली.

अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की तिथेच बसून मी मोठ्यानं पाठ करायची. एकदा पंक्चर काढता काढता ते थांबले.

"क्या रट रही है?"

"उपमा. एक चीज दूसरी के जैसी है, ऐसा बोलना."

"अरे, ये तो तश्बीह है!" ओले हात पुसत ते माझ्यासमोरच येऊन बसले. चौथीतच त्यांची शाळा सुटली होती, पण तरुणपणी मुशायऱ्यांचा भारी नाद. "पहिया चाँद जैसा बोला, तो तश्बीह. और पहिये का नाम ही नहीं लिया, सीधा बोला कि आज चाँद पंक्चर है, तो इस्तिआरा."

मी हसत सुटले. पण डोक्यात लख्ख उजेड पडला होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर एक ओळ लिहून अलंकार विचारला. मी ताडकन उठले आणि म्हणाले, "तश्बीह!"

वर्गात खसखस पिकली. कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या. सर मात्र हसले नाहीत. "हे कोणी शिकवलं तुला?" मी अब्बांचं नाव सांगितलं आणि पंक्चर झालेल्या चाँदचा इस्तिआराही.

त्याच संध्याकाळी ते आमच्या दुकानात आले. अब्बांनी घाईनं स्टूल पुसून दिलं. सरांनी वही उघडली. "उस्ताद, अतिशयोक्तीला काय म्हणता?"

"मुबालगा."

"आणि इस्तिआरा म्हणजे आमचं रूपक?"

"पहिया भी रहता है उसमें?"

"राहतो. चाक हाच चंद्र, असं म्हणतो आम्ही."

"फिर थोड़ा फरक है, मास्टरसाब."

दोघं अर्धा तास त्या फरकावर भांडले. मी कधी यांच्या तोंडाकडे बघे, कधी त्यांच्या. मग अब्बांनी सरांच्या सायकलचं मागचं चाक दाबून पाहिलं. "हवा कम है. आपके इल्म का बोझ देख के भाग गई बेचारी. ऐसी खूबसूरत झूठी वजह बताना, इसको बोलते हुस्न-ए-तालील."

सर स्टुलावरून उठलेच. "अहो, ही तर हेतूत्प्रेक्षा! खरं कारण सोडून कल्पनेतलं कारण!" त्यांनी अब्बांचे काळे तेलकट हात आपल्या हातात धरले. अब्बा लाजून जमिनीकडे पाहू लागले.

सकाळी सरांनी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली आणि खडू माझ्या हातात दिला. "डावीकडे पुस्तकातले शब्द, उजवीकडे उस्तादांचे. लिही." मी इतकं दाबून लिहिलं, की खडू दोनदा मोडला. मी लिहीत गेले आणि पाठीमागे वर्ग वह्या उघडून उतरवून घेऊ लागला.