वणीकडे टीम आली होती

आर्णीहून सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो, मी आणि शांताबाई. शांताबाई म्हणजे माझ्या मोठ्या नणंद. आमच्या यांना गॅरेज सोडून येता आलं नाही, आणि मला एकटीला पाठवायला घरात कोणी तयार नव्हतं. मीही नव्हते. चार लोकांत माझा शब्द घशातच राहतो. शांताबाईंचं तसं नाही. यवतमाळ येईपर्यंत त्यांनी कंडक्टरला सगळं सांगून टाकलं. आमची सोनू मोटार कंपनीच्या टीममध्ये आहे, टीम आफ्रिकेत शर्यतीला जाणार आहे, त्याआधी वणीकडच्या रस्त्यांवर गाडी चालवून पाहत आहेत, आणि आम्ही तीच पाहायला चाललो आहोत.

"शर्यत म्हणजे शंकरपट काय?" कंडक्टरनं विचारलं. (शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत.)

"शंकरपटच समजा ना भाऊ. बैलं नाहीत, एवढंच."

परत आल्यापासून जो येतो तो मला या प्रवासाचं विचारतो. तोंडानं सांगायला गेले की अर्ध्यातच थांबते. म्हणून लिहून ठेवते.

यवतमाळला गाडी बदलली. वणीची गाडी भरलेली होती, पण खिडकी मिळाली. करंजीपर्यंत दोन्ही बाजूंनी कापूस होता, आणि तो हिरवा नव्हता. सगळीकडे लाल्या पडला होता. (लाल्यानं पानं लाल होतात, बोंडं भरत नाहीत, झाड उभ्या उभ्या वाळतं.) मागच्या सीटवरचा माणूस म्हणाला, "दिल्लीची टीम येऊन राह्यली म्हणते पाहाले." दुसरा म्हणाला, "येते नं. दरवर्षी येते. हात हलवून जाते." त्या वर्षांत अशा टीमा फार यायच्या. पांढऱ्या गाड्यांतून सरकारी साहेब लोक यायचे, रस्त्यावरून बुडालेलं पीक पाहायचे आणि जायचे. खेड्यात टीम म्हटलं की लोकांना ती एकच टीम कळायची. हे मलाही माहीत होतं, पण तेव्हा मी त्याचा काही विचार केला नाही.

वणीला उतरलो तर कोळशाचे ट्रक एकामागे एक. माझं फिकं लुगडं स्टॅंडवरच करडं झालं. सोनू घ्यायला आली होती. अंगात कंपनीचं जाकीट, केस कापलेले. ती भर रस्त्यात वाकून आमच्या दोघींच्या पाया पडली.

"आई, सांबारवडी आणली?" हा तिचा पहिला प्रश्न. (सांबार म्हणजे कोथिंबीर.) आणली होती, पण यवतमाळला गाडी बदलताना कोणाची तरी पेटी डब्यावर पडली आणि वड्यांचा चुरा झाला. त्यातला मूठभर चुरा तिनं उभ्या उभ्या खाल्ला.

टीमचा मुक्काम एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात होता. जिथं कापसाचे ढीग असायचे तिथं चाकांचे ढीग होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सोनूनं आम्हाला गाडी दाखवली, आणि मला धक्काच बसला. नवी कोरी गाडी टीमच्या लोकांनी आतून सोलून काढली होती. मागची सीट नाही, गादी नाही, पत्रा उघडा, आणि छताखाली लोखंडी नळ्यांचा पिंजरा.

"हा पिंजरा कायले?" शांताबाईंनी विचारलं.

"गाडी उलटली तर आम्ही चेपू नये म्हणून, आत्या."

"उलटते?"

"कधी कधी."

शांताबाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी पिंजऱ्याकडे पाहत होते.

गाडी चालवणारा कर्नाटकातला होता. सगळे त्याला अण्णा म्हणत. सोनू त्याच्या शेजारी बसते. आधी सावकाश फेरी मारून ती रस्त्याचं एकेक वळण लिहून घेते, आणि मग खऱ्या फेरीत वाचत जाते. पुढं डावं आहे की उजवं, वेग किती आवळायचा, कुठं खड्डा, कुठं गाडी मोकळी सोडायची. अण्णाला टेकडीपलीकडचं काही दिसत नसतं. ती सांगेल तसं तो वळवतो.

"म्हणजे पोरगी बोलत राहाते आन गडी मुकाट्यानं आयकते?" शांताबाई म्हणाल्या. "असा जावई कुठं भेटते तं पाहा लागते."

अण्णाला मराठी येत नव्हतं, पण तो हसला आणि उरलेला चुरा मागून घेतला.

इतक्या लांब, आमच्याच भागात का आले, हेही मी सोनूला हळूच विचारलं. ती म्हणाली, "तिकडची माती आपल्यासारखीच काळी आहे, आई. ओली झाली की चाक धरते, वाळली की भेगा. तिथले लोक तिला कापसाची माती म्हणतात. त्या रस्त्यांवर कापूस नाही कुठं, पण नाव तेच." समुद्रापलीकडे आपल्या शेतासारखी माती असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दुपारी आम्हाला एका खेड्याच्या शाळेवरून बाहेरच्या कच्च्या रस्त्यावर नेलं. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. वळणावर पळसाखाली आम्हाला बसवलं, गळ्यात कंपनीचे पास अडकवले आणि समोर लाल-पांढरी पट्टी बांधली. पट्टीच्या पुढं यायचं नाही. कंपनीचा एक माणूस शिट्टी आणि वायरलेस घेऊन उभा होता. सोनूची सावकाश फेरी साध्या जीपमधून झाली. जाताना तिनं हात केला. आता खरी गाडी येणार होती.

तेवढ्यात पांदणीतून (शेतात जायच्या गाडीवाटेतून) दहा-बारा माणसं आली. पुढं एक म्हातारे बाबा, टोपी घातलेले, हातात मुळासकट उपटलेली पऱ्हाटी (कापसाचं झाड). मागच्या सगळ्यांच्या हातांतही लाल पडलेली झाडं. त्यांच्यातली एक बाई सरळ माझ्याजवळ आली. माझ्या गळ्यातला पास पाहून म्हणाली, "तुम्ही टीमसंग आल्या काय वो बाई?"

मी मान हलवली. टीमसोबतच आले होते.

"बाबा, टीमच हाये," ती ओरडून म्हणाली, आणि ते सगळे रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

शिट्टीवाला धावला. "काका, प्लीज बाजूला व्हा. रस्ता बंद आहे. गाडी येतेय."

"येऊ दे नं," बाबा म्हणाले. "तिच्यासाठीच तं आलो. मागच्या खेपेले कडेले उभं राहून हात केला, त्यायनं काच बी खाली नाही केली. आज मधातच उभं राहाचं."

तो वायरलेसमध्ये बोलू लागला. त्यातून नुसती खरखर. टेकडीपलीकडे इंजिनाचा आवाज सुरू झाला. तो गाडीचा आवाज नव्हता, काही तरी फाटल्यासारखा होता.

शांताबाई उठून ओरडल्या, "अरे हटा बाप्पा, गाडी थांबत नाही ते. माही पोरगी हाये तिच्यात. मराल ना."

"टीम हाये बाई," एक जण हसत म्हणाला. "टीम पाहून जाते. मारत नाही."

आवाज टेकडीवर चढला. माझ्या डोळ्यांपुढं एकच होतं. वळणापलीकडचं अण्णाला दिसत नाही, आणि सोनूनं लिहून घेतलं तेव्हा रस्ता मोकळा होता. तिच्या कागदावर ही माणसं नव्हती.

मी पट्टीखालून वाकून रस्त्यावर गेले.

"टीम शाळेत बसली," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण मी तो कधी ऐकला नव्हता. "चहा घेऊन राह्यली. ह्या गाड्या सामानाच्या हायेत. तुम्ही इथं उभे राहासान तं साहेब निघून जातीन."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यावरचा पदर पाहिला. मग म्हणाले, "चला रे, शाळेत चला." आणि सगळे पांदणीत उतरले.

शांताबाईंनी माझा हात धरून मला ओढलं. आवाज आला, मग माती आली, आणि मग नुसता धूर राहिला. आम्ही दोघी डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखलो. शिट्टीवाला रस्त्यावर बसला होता. "मावशी, काय सांगितलंत त्यांना?" त्यानं विचारलं. मी पदरानं तोंडावरचा चिखल पुसला.

"चाल आता," शांताबाई म्हणाल्या. "झाली गाडी पाहून."

"शाळेत जावं लागते."

"कायले? खोटं बोललं तं पळावं. सामोर जाऊन कोणी बसते काय?"

पण त्या आल्या माझ्याबरोबर.

शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी वर्गातून खुर्च्या काढून मांडल्या होत्या. टेबलावर एक धुतलेली चादर, तांब्यावर पेला उपडा घातलेला. भिंतीला एकेक पऱ्हाटी टेकवून ओळीनं उभी केली होती. गळ्यात पास घातलेल्या, चिखलानं माखलेल्या आम्ही दोघी आत आलो, तर ते सगळे उठून उभे राहिले.

"टीम नाही आली," मी म्हणाले. "म्या खोटं सांगतलं. हे टीम गाड्यायची हाये, शर्यतीची. माही पोरगी त्या गाडीत होती. तुम्ही मधात उभे होते."

मग ती बाई म्हणाली, "आमच्यासारखी बोलली म्हणून आलो आम्ही. त्या शिट्टीवाल्यानं सांगतलं असतं तं हटलो नसतो."

"गाड्यायची बी टीम राहाते?" बाबांनी विचारलं.

"राहाते."

"कुठं जाते?"

"कुठंच नाही. फिरून तिथंच येते."

"मंग आपल्या टीमसारखीच हाये," मागून कोणी तरी म्हणालं, आणि दोघं-तिघं हसले. बाबा हसले नाहीत.

सोनू आली तेव्हा तिच्या हातात हेल्मेट होतं आणि ओठ पांढरे पडले होते. रस्त्यात काय झालं आणि आम्ही कुठं गेलो, ते शिट्टीवाल्यानं तिला सांगितलं होतं. बाबांनी तिला विचारलं, तुम्ही इथंच कायले आले. तिनं मला सांगितलं होतं तेच सांगितलं, माती सारखी आहे म्हणून.

"म्हणजे मातीच पाहाले आले नं तुम्ही," बाबा म्हणाले. "मंग हे बी पाहा."

त्यांनी पऱ्हाटी तिच्यापुढं ठेवली. सोनू खाली बसली. बाबांनी एक बोंड फोडून दाखवलं. आत कापूस नव्हता, तपकिरी चिकट काही तरी होतं. तिनं ते बोटावर घेतलं, वास घेतला, मूळ उलटं करून पाहिलं. तिनं कसलं वचन दिलं नाही. त्यांनीही मागितलं नाही. नुसतं एकेक झाड दाखवत गेले, आणि ती पाहत गेली.

निघताना बाबा माझ्याजवळ आले. "बाई, तुम्ही खोटं बोलल्या म्हणून मी जिता हावो. ते बरंच केलं तुम्ही. पण आता कोणी म्हटलं की टीम शाळेत बसली, तं मी काई येणार नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी परतीच्या बसमध्ये बसलो. करंजीच्या अलीकडे आमची बस कडेला दाबून थांबली. समोरून पोलिसांची जीप आली, तिच्या मागं पांढऱ्या गाड्यांची रांग, काचा बंद. सगळ्या वणीकडे चालल्या होत्या. बसमधले लोक उठून खिडक्यांशी गेले. "टीम आली," कोणी तरी म्हणालं.

शांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "उतरू काय? जाऊन सांगू त्या गावच्या लोकायले?"

आम्ही जाऊन पोहोचेपर्यंत गाड्या पाहून परत फिरल्या असत्या. आणि पोहोचलो असतो तरी माझं कोण ऐकणार होतं? बस सुरू झाली.

सोनू टीमबरोबर आफ्रिकेला गेली. तिकडून तिचा फोन येतो. आमचे हे तिला गाडीचं सगळं खोदून खोदून विचारतात. घरी आल्या आल्या मलाही विचारलं होतं, कशी दिसली गाडी, किती जोरात गेली. मी म्हटलं, नाही पाहिली. त्यांना ते पटत नाही. एवढ्या लांब गेली, पळसाखाली बसली, गाडी हाताच्या अंतरावरून गेली, आणि पाहिली नाही म्हणते.

पण मी खरंच पाहिली नाही. माझी मुलगी माझ्या पाठीमागून गेली तेव्हा मी पांदणीकडे पाहत होते. पुढं बाबा शाळेकडे चालले होते. चालता चालता त्यांनी पऱ्हाटी काखेत धरली, टोपी काढली, गुडघ्यावर झटकली आणि दोन्ही हातांनी नीट डोक्यावर ठेवली. मागच्या सगळ्यांनी तसंच केलं. त्या बाईनं पदर सारखा केला.