चुरलेल्या भाकरीची पंगत

"या शेठ, दोन घास खाऊन घ्या." डबा उघडायच्या आधीच चाचांची हाक यायची. मी म्हणायचो, "चालू द्या, चाचा." आपल्याकडं हे उत्तर ठरलेलंच असतं, तुम्हीही रोज कुणाला तरी देत असाल.

अंबाजोगाईत माझ्या स्टेशनरीच्या दुकानाला लागून त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. काळे हात साबणानं दोनदा धुवायचे आणि बाकड्यावर बसायचे. ट्यूब घेऊन आलेल्या गिऱ्हाइकालाही आग्रह व्हायचा. तेही म्हणायचं, "चालू द्या." खरोखर यायच्या त्या फक्त चिमण्या.

एकदा त्यांनी भाकरीचा मोठा तुकडा टाकला. एक चिमणी आली आणि तो उचलून गुपचूप पत्र्यामागं पसार झाली. मग त्यांनी भाकरी बारीक चुरली. आता एक चिमणा हवेच्या मशीनवर बसला आणि त्यानं चिवचिव करून गल्ली डोक्यावर घेतली. बाकीच्या उतरल्या तेव्हाच त्यानं चोच खाली घातली.

"बगितलं का शेठ? अख्खा तुकडा असला की पळती. चुरा असला की समद्यांना बलावती."

"तुमचं आपलं काहीतरी. पाखराला कसली आलीय पंगत?"

"कावून न्हाई? एकट्याला भेव वाटतं. खाताना मान खाली घालायची, तर दुसरं कुनी वर बगाया पायजे ना."

मी हसलो खरा. पण चाची वारल्यापासून चाचांना एकट्यानं घास उतरत नव्हता, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. चिमण्या जमल्या की मगच ते जेवायचे.

पुढं समोर नालीचं काम निघालं. जेसीबीच्या धडधडीनं एकही चिमणी फिरकेना. चाचांनी बराच वेळ वाट पाहिली आणि डबा तसाच बंद केला. मला काही राहवेना. माझा डबा उचलून मी त्यांच्या बाकड्यावर जाऊन बसलो. त्यांनी कांदा फोडून अर्धा माझ्यापुढं सरकवला. तेव्हापासून आम्ही रोज सोबतच जेवायला लागलो.

मग त्यांचे गुडघे गेले आणि मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. घर सातव्या मजल्यावर, मुलगी-जावई दिवसभर कामावर. दुपारी माझा फोन वाजायचा. "शेठ, बोलू नका काई. फोन बाजूला ठिवा अन् जेवा." तिकडून ताट सरकल्याचा, पाणी प्यायल्याचा आवाज यायचा. मी घाई केली की म्हणायचे, "आमचं व्हायचंय अजून."

मागच्या पावसाळ्यात फोन यायचा थांबला. आठवड्यानं मुलीनं चाचा गेल्याचं कळवलं. म्हणाली, "शेवटी अन्न जातच नव्हतं. फोन लावून देऊ का विचारलं, तर अब्बा म्हणाले, नको. माझ्यानं घास गिळवत न्हाई, तिकडं शेठला एकट्यालाच जेवावं लागंल."

तो सगळा आठवडा मी फोन समोर ठेवून बसत होतो, आणि डबा भरलेलाच घरी नेत होतो.