तीन चाकांचा मुराळी

चालत्या मोटारसायकलवरून मी आयुष्यात कधी पडलो नाही. पडलो तो उभ्या गाडीवरून, आणि तेही रहिमतपुरात, भर बाजाराच्या दिवशी. पुढं मेथीच्या जुड्या मांडलेल्या होत्या म्हणून थांबलो. सवयीनं डावा पाय खाली टेकला, तर पायात जोरच नाही. माझी जुनी बुलेट सावकाश, म्हैस बसते तशी, डाव्या अंगावर बसली आणि मी तिच्याखाली. भाजीवालीनं आधी जुड्या बाजूला ओढल्या, मग मला. "आवं म्हातारबा, लय लागलं का?" तिनं विचारलं. गुडघ्याला खरचटलं होतं, पण त्या 'म्हातारबा'नं माझं डोकंच फिरलं. मी तिच्यावर खेकसलो आणि वर तिच्याकडूनच चार जुड्या घेऊन घरी आलो.

फौजेत मी डाक पोचवणारा मोटारसायकलस्वार होतो. बर्फ, वाळू, चिखल, सगळ्यातून गाडी काढली. पेन्शनीत आल्यावर ऊस केला, पण उसाला पाणी द्यायलाही बुलेटवरूनच जायचो. अशा माणसाला डॉक्टरनं सांगितलं की कमरेतली शीर दबली आहे, चालता-फिरता येईल, पण डाव्या पायावर एकदम भार द्यायचा नाही. लेकानं त्याच दिवशी बुलेट गोठ्याशेजारी लावून तिच्यावर ताडपत्री टाकली. "आबा, आता गाडीत मागं बसायचं. लय केलं तुमी," तो म्हणाला. पोरगं प्रेमानंच बोललं होतं, पण मी दोन दिवस त्याच्याशी धड बोललो नाही.

खरी अडचण पंचमीची होती. माझी थोरली बहीण सांगलीला, विश्रामबागेत राहते. आम्ही तिला आक्का म्हणतो. वडील गेले त्या वर्षापासून नागपंचमीला तिचा मुराळी मी. बहिणीला सासरहून माहेरी न्यायला जो जातो तो मुराळी, आणि आमच्याकडं तो मान भावाचा. रजा मिळाली नाही ती सालं सोडली, तर मी एकही पंचमी चुकवली नाही. आक्का बुलेटवर एका अंगानं बसायची, मांडीवर पिशवी, आणि सांगलीपासून गावच्या पाणंदीपर्यंत अखंड बोलायची. वाऱ्यानं मला त्यातलं निम्मंसुद्धा ऐकू यायचं नाही. मी आपला "व्हय, व्हय" म्हणायचो. एकदा त्या नादात मी तिच्या जावेच्या पोरीसाठी आमचा पुतण्या कबूल करून बसलो होतो.

गेल्या साली मी लेकाला चारचाकी घेऊन पाठवलं. दुपारी गाडी परत आली. आत लाडवांचा डबा होता, आक्का नव्हती. तिचा निरोप होता, "मुराळी आला की येईन." माझं टाळकं सटकलं. फोन लावला आणि वाट्टेल ते बोललो. माझा पाय गेलाय आणि तुला मानपान सुचतोय? शेवटी म्हणालो, तुला माहेर नको असंल तर ऱ्हा तिकडंच.  मी फोन ठेवला. मग वर्षभर आमचं बोलणं सणावारापुरतं, तेही बायकोच्या फोनवरून. बहात्तराव्या वर्षी ती पहिल्यांदा माझ्या तोंडामुळं पंचमीला माहेराविना राहिली, हे मला कळत होतं. पण रुसायला माणसाला वय लागत नाही.

या माघात लोणंदला एका लग्नाला गेलो होतो. मांडवाबाहेर बुलेटचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. बघतो तर गाडी बुलेटच, पण मागं दोन चाकं! वर पन्नाशीचा एक माणूस, एका पायाला पट्ट्यांचा बूट, आणि चेहऱ्यावर असा थाट की नवरदेव त्याच्यापुढं फिका. अक्षता हातात तशाच घेऊन मी मांडवातून उठलो. बायको म्हणते की मंगलाष्टकं चालू असताना असं उठून जाणारा माणूस तिनं जन्मात पाहिला नाही.

तो माणूस वेल्डिंगवाला निघाला. लहानपणी पोलिओ झालेला. स्वतःची गाडी त्यानं स्वतः बांधली होती आणि आता दुसऱ्यांच्या बांधायचा. मी म्हणालो, "पण ही तर अपंगांची गाडी." बोलून गेलो आणि जीभ चावली. तो हसला. "मग तुमी कोण हाय?" त्यानं विचारलं.  त्यानं मला गाडीवर बसवलं. मी दोन्ही पाय वर घेतले आणि गाडी उभीच राहिली! आठ महिन्यांत बुलेटवर बसलो नव्हतो. तिथं रस्त्याच्या कडेला, लग्नाच्या फेट्यात, मी लहान पोरासारखा "आयला, आयला" करत होतो.

पुढचे तीन महिने मी घरात कुणाला सुखानं जगू दिलं नाही. बुलेट टेम्पोतून लोणंदला गेली. मागचं चाक निघालं, रुंद आस बसला, त्यावर दोन चाकं. डाव्या पायातला ब्रेक हातात आला, किकऐवजी बटण आलं. आणि खरी कमाल म्हणजे रिव्हर्स गियर. मोटारसायकल मागं जाते! आरटीओचे हेलपाटे झाले, पुस्तकावर नोंद झाली, लायसन्सवर शेरा आला. लेक सुरुवातीला डोकं धरून बसला होता, पण गाडी घरी आल्यावर पहिली चक्कर त्यानंच मारली.

पूजेला बायकोनं चाकाखाली लिंबं ठेवायला घेतली आणि मधेच थांबली. "तीन तिघाडा, काम बिघाडा," ती म्हणाली. "तीन चाकांची गाडी मी दारातनं बाहिर जाऊ द्याची न्हाई." मी म्हणालो, "अगं, रिक्षाला किती चाकं असतात?" ती म्हणाली, "रिक्षा आपली न्हाई."  आमच्याकडं तिघं मिळून निघाले की चौथा म्हणून एक खडा सोबत घेतात. तिनं ओढ्यातला मुठीएवढा गोटा आणला, धुतला, हळदकुंकू लावलं आणि मागच्या पेटीत ठेवला. फौजी माणूस मी, दात काढून हसलो. पण खडा काढून टाकायची छाती मला झाली नाही.

आता वाटलं, आपण पंचेचाळीस वर्षांचे पट्टीचे स्वार, तीन चाकं म्हणजे पोरखेळ. पहिल्याच वळणावर मी सवयीनं अंग डावीकडं झुकवलं. दुचाकीला तेवढं पुरतं, ती आपोआप वळते. ही वळली नाही. सरळ माझ्याच उसात घुसली, पाच-सहा सऱ्या आडव्या करून थांबली. मी पडलो नव्हतो, हेच मला आधी कळेना. पात्यांनी तोंड ओरबाडलेलं, आणि मी हँडल धरून ऐटीत बसलेला! मग एवढं हसू आलं की शेजारच्या रानातला गडी पळत आला. "काय झालं वो आबा?" त्यानं विचारलं. "पडलो न्हाई!" मी ओरडलो. त्याला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

झुकायचं नाही, हँडल दंडाच्या जोरावर वळवायचं, हे आठवड्यात जमलं. दोन चाकांमधून खड्डा काढता येत नाही, कारण मधे तिसरं येतं, हेही कळलं. सुटेना ती एकच खोड. थांबताना पाय खाली जायचा. दुचाकीवाल्याचा पाय त्याला न विचारता जातो. आणि इथं पाय खाली गेला की मागचं चाक त्याच्यावरून जायला बघतं. एकदा गेलंच. जुना फौजी बूट होता म्हणून अंगठ्यावर निभावलं. ज्या पायानं मला पाडलं, तोच पाय आता नको तिथं मदतीला धावत होता. बायको अंगणात खुर्ची टाकून बसायची आणि मी थांबायला आलो की ओरडायची, "आवं, पाय वर!" गल्लीतली पोरंही तेच ओरडायला लागली. दुकानात काडेपेटी आणायला चालत गेलो तरी कुणीतरी म्हणायचं, पाय वर.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. आक्काला कळवलं नव्हतं. निदान फोनवरच तिचं 'नाही' ऐकायला नको, एवढाच माझा हिशेब. रहिमतपुरातून मसूर, कराड, मग हायवेनं पेठ नाका. श्रावणातली भुरभुर चालली होती. हायवेवर पोरांनी शेजारून गाड्या घेतल्या, अंगठे दाखवले, एकानं व्हिडिओ काढला. मी छाती काढून बसलो. सिग्नलला दोन्ही पाय वर ठेवून राजासारखा थांबलो आणि शेजारचा दुचाकीवाला पाय टेकून चिखलात उभा होता, ते बघून मला नको इतका आनंद झाला. आष्ट्याच्या पुढं मात्र गाडीचा वेग आपोआप कमी झाला. वर्षापूर्वी बोललेला एक-एक शब्द आठवायला लागला.

विश्रामबागेत आक्काच्या दारात गाडी थांबवली. पाय खाली निघाला होता, तो मी मांडीला धरून वर ओढला. आवाजानं आक्का बाहेर आली. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. गाडीला एक फेरी मारली, मागची चाकं बघितली, पाठीला टेकण असलेली रुंद सीट हातानं दाबून बघितली.

"हे काय? रिक्षा घिऊन आलास व्हय?" ती म्हणाली.

"मुराळी आलाय. येणार का न्हाई ते सांग."

ती आत गेली. मी दारात तसाच. आता ही लाडवांचा डबा आणती का काय, अशी धाकधूक. पाच मिनिटांत ती पिशवी घेऊन आली. पिशवी भरलेलीच होती. पेटी उघडून पिशवी ठेवताना तिला खडा दिसला. "ह्यो दगुड कशाला?" मी तीन तिघाड्याची कथा सांगितली. आक्कानं खडा उचलला आणि कुंपणापाशी तुळशीच्या कुंडीत ठेवून दिला. "चौथी मी हाय की," ती म्हणाली आणि मागोमाग बाहेर आलेल्या सुनेच्या खांद्याचा आधार घेऊन वर चढली. जन्मात पहिल्यांदा ती मोटारसायकलवर सरळ, पाठ टेकून बसली.

रस्ताभर बोलत होती. मी "व्हय, व्हय" म्हणत होतो. उरात आनंद मावत नव्हता. कराडच्या अलीकडं एका टपरीशी थांबायला वेग कमी केला आणि मागून पाठीत बोट टोचलं, "पाय वर!" बायकोनं तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. उसात घुसल्याचं, अंगठ्याचं, सगळं. म्हणजे वर्षभर दोघींचं बोलणं चालू होतं आणि रुसलेला मी एकटाच होतो.

पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी धरतात तो भावाचा उपास आक्काला होता, तिनं नुसता चहा घेतला. मी न राहवून विचारलं, "गेल्या साली का आली न्हाईस? चारचाकी दारात आली व्हती."

तिनं कपावर फुंकर घातली. मग म्हणाली, "त्या गाडीत बसून आली असती, तर तू पुन्यांदा उठला असतास व्हय? म्हनला असतास, झाली सोय. ताडपत्री तशीच ऱ्हायली असती."

मी कप खाली ठेवला. मला वाटलं होतं, ती मानासाठी अडली. आणि ती माझ्यासाठी, गेल्या सालीही याच दिवशी माझा उपास धरून, विश्रामबागेतच थांबली होती. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. टपरीवाला दुसरीकडं बघायला लागला.

"आक्का, मी फोनवर जे बोललो..."

"कवा?" ती म्हणाली. "तवा रेंजच नव्हती." तिनं रिकामा कप टपरीवर ठेवला आणि पदर खोचला. "चल, गाडी काढ. आन् ती मागं कशी जाती ती दाव मला."

टपरीपासून रस्त्यापर्यंत मी तिला रिव्हर्समध्ये नेलं. आक्का दोन्ही हातांनी टेकण धरून, रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हसत होती.