ठोका हाय, उचल

लातुरात मला धंद्याला बसायला पायरी दिली ती अप्पांनी. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, या माणसाला उपकाराची जाणीव नाही. आहे. रोज आहे.

अप्पांचं दुकान गंजगोलाईच्या बाजारात होतं. विभूतीच्या वड्या, कापूर, रुद्राक्ष, तांब्याची भांडी, आणि गल्ल्याशेजारी काचेखाली जुनी नाणी. पण लोक थांबायचे ते अप्पांची टिचकी बघायला. कुणी नाणं घेऊन आला की अप्पा ते अंगठ्यानं पुसणार, भिंग डोळ्याला लावणार, थोडा वेळ श्वाससुद्धा घेणार नाहीत. मग भिंग खाली ठेवून नाणं नखावर घेणार आणि टिचकी मारणार. नाणं काउंटरवरून उडून पायऱ्यांवरून खणखणत रस्त्यावर.

"ठोका हाय. उचल."

नाणंवाल्याला मग सगळ्यांसमोर वाकावं लागायचं. काही जण लाजेनं तसंच टाकून निघून जायचे. त्यातली बरीच घरंगळत माझ्या पोत्यावर यायची, कारण मी खालच्या पायरीवर चाव्या घासत बसायचो.

तुम्हीही ते व्हिडिओ बघितले असतील. घरात असं नाणं असेल तर तुम्ही लखपती, म्हणतात. नाण्यावरची अक्षरं दोन-दोन दिसतात, एकावर एक सरकल्यासारखी. औश्यापासून, उदगीरपासून माणसं तसली नाणी रुमालात बांधून यायची. अप्पांनी मला त्यातला फरक माझ्याच धंद्यातून समजावला.

"मुखेड, ऐक. तुझी मूळ चावीच चुकीची घासली, तर तिच्यावरून केलेल्या शंभर चाव्या तशाच चुकतील का न्हाई?"

"चुकतील, अप्पा."

"तो ठसा. टाकसाळीत ठसा घडवतानाच अक्षर दोनदा उमटलं. कुणाच्या ध्यानात येईस्तोवर त्यानं जेवढी नाणी पाडली, तेवढीच जगात हायत. पण मूळ चावी बरोबर हाय अन् घासताना तुझा हात हलला, तर ती एकच बिघडती. तो ठोका. ठोके पोत्यानं मिळतेत."

खऱ्या ठशात दोन्ही अक्षरं भरीव असतात, टोकाला चिरलेली. ठोक्यात दुसरं अक्षर सपाट असतं, पायरी असावी तसं. खऱ्या ठशाला नाणी जमवणारे लोक हजार, दोन हजार देतात, फार ठळक असला तर जास्तही. ठोक्याचं काही नाही. पाचाचे पाच.

मुखेड म्हणजे मी. माझं गाव मुखेड तालुक्यात, लातुरातून दोन बस बदलून; अप्पांनी तेच नाव पाडलं. सातवीत शाळा सुटली, मग इकडेतिकडे करून चाव्यांची पेटी घेतली. लातुरात आलो त्या आठवड्यातच अतिक्रमणवाल्यांनी अप्पांच्या पायरीवरून पेटी उचलली. मी रडायच्या बेतात. अप्पा दुकानातून ओरडले, "ती पायरी माझी हाय अन् माणूस बी माझा हाय. ठिवा खाली."

त्यांनी ठेवली. मी पाया पडायला गेलो तर विचारलं, "शाळा किती?"

"सातवी."

"बरं झालं. अजून शिकला असतास तर भाडं दिलं असतंस अन् माझ्या डोक्यावर बसला असतास."

भाडं कधीच घेतलं नाही. शिव्या मात्र रोज दिल्या.

एकदा एका मास्तरांची विधवा आली. नवरा तीस वर्षं नाणी जमवत होता, म्हणाली. छान अल्बम, प्रत्येक नाण्याखाली बारीक अक्षरात चिठ्ठी. अप्पांनी एकेक काढून बघितलं. "ठोका." पुढचं. "ठोका." तिला वाटायचं पुढचं तरी. चाळीसेक नाणी असतील. तेवढ्या वेळा ते एकच म्हणाले, आवाज न बदलता. बाई शेवटी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिची नाणी त्यांनी उडवली नाहीत, एवढीच दया.

ती गेल्यावर मला राहवलं नाही. "एखादं तरी खरं म्हणायचं होतं, अप्पा. म्हातारी खुश झाली असती."

"अन् ते एक घेऊन ती नांदेडला गेली असती, तिथून पुण्याला. गाडीभाडं तू देणार व्हतास?"

त्यांचं बरोबर होतं. त्यांचं नेहमीच बरोबर असायचं, म्हणून तर लोकांना जास्त लागायचं.

मग दोन वर्षांपूर्वी एका रिक्षावाल्यानं पाचाचं नाणं आणलं. अप्पांनी भिंग लावलं. "ठसा!" असे ओरडले की समोरचा कापडवाला बाहेर आला. रिक्षावाल्याला त्यांनी पाचशे रुपये दिले. तो पैसे घेऊन जवळजवळ पळालाच.

संध्याकाळी ते नाणं त्यांनी मला कौतुकानं दाखवलं. चाव्यांसाठी माझ्याकडेही एक भिंग असतं. मी बघितलं. सपाट पायरी. साधा ठोका.

मला वाटलं, मलाच कळत नसेल. पण आठवड्यात आणखी तीन खरे निघाले. पुढच्या आठवड्यात पाच. तोवर माझ्या ध्यानात आलं होतं, अप्पा समोरच्या गिऱ्हाइकाकडे मान तिरपी करून बघतात, दिव्याभोवती कडं दिसतं म्हणतात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यांना आता सगळीच अक्षरं दोन-दोन दिसत होती.

"अप्पा, डोळे दाखवून घ्या ना."

"पिकल्याबिगर काढत न्हाईत."

"आता पिकायची वाट बघत न्हाईत म्हणतेत. लगेच काढतेत."

"कोण म्हणतंय? तू? सातवी पास?"

"नाणी बी जरा दुसऱ्याला दाखवून..."

"मुखेड." भिंग त्यांनी काउंटरवर आपटलं. "मला ठसा शिकवतो का? पायरी सोडायची का तुला?"

पायरी. तेवढा शब्द पुरला. मी खाली येऊन चाव्या घासायला लागलो.

गोलाईत बातमी पसरायला किती वेळ लागतो? ज्यांना अप्पांनी रस्त्यावर वाकवलं होतं, ते एकेक करून परत यायला लागले. तीच नाणी घेऊन. चहाच्या गाड्यावर हसायचे. "म्हाताऱ्याला फळं लागलेत, तोडून घ्या." एकानं तर दुकानात उभं राहून विचारलं, "अप्पा, मागच्या साली ह्योच ठोका व्हता म्हणला व्हतात ना?" अप्पा म्हणाले, "माझी चूक झाली असंल, लेका," आणि त्याला हजार रुपये दिले. चूक झाली असं बोलताना मी अप्पांना पहिल्यांदा ऐकलं. सगळे बाहेर येऊन पोट धरून हसले. मीही हसलो. हसलो नसतो तर मलाच विचारलं असतं, तू काहून सांगत न्हाईस त्यांना.

आता माझं सांगतो.

बायको आणि पोरगी गावाकडे होत्या. प्रकाशनगरच्या बाजूला एक खोली मिळत होती, पण मालकाला सोमवारपर्यंत डिपॉझिट हवं होतं. सात हजार कमी पडत होते. पोरगी फोनवर रोज विचारायची, "बाबा, कवा नेणार?" माझ्या पेटीच्या तळाला कुणीतरी न उचललेलं एक नाणं पडलेलं होतं. अप्पांनीच टिचकी मारून माझ्या पोत्यावर उडवलेलं.

ते पुसलं आणि वर गेलो.

अप्पांनी खूप वेळ बघितलं. म्हणाले, "एवढा ठळक मी जन्मात बघितला न्हाई, मुखेड. कुठं मिळाला?"

"गावाकडं. आईच्या डब्यात."

"किती पाहिजेत?"

मी सात हजार म्हणालो. जास्त मागायची हिंमत नव्हती, कमी मागून भागत नव्हतं. त्यांनी मोजून दिले. वर म्हणाले, "पोरीला घेऊन ये आता. माणसानं एकट्यानं किती दिवस खायचं?"

मी पायऱ्या उतरलो तेव्हा चहावाला माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, मी पण त्यांच्यातलाच. त्याचं काही चुकलं नव्हतं.

मग नांदेडला नाणी जमवणाऱ्यांचं प्रदर्शन लागलं. अप्पांनी बत्तीस नाणी कापडी पाकिटात घेतली आणि मला सोबत नेलं. "माझ्या माणसानं बी बघावं," म्हणाले. तिथे त्यांचं फार स्वागत झालं. एक तरुण व्यापारी उठून पाया पडला. "अप्पा, कॉलेजात असताना तुम्ही माझं नाणं रस्त्यावर उडवलं होतं. तवापासून शिकलो बघा."

अप्पा हसले. त्याच्यासमोर पाकीट उलटं केलं. "आता माझी बघ."

त्यानं पहिलं नाणं भिंगाखाली धरलं. दुसरं. तिसरं. मग एकदा अप्पांच्या डोळ्यांकडे बघितलं. पुढची नाणी तो नुसती हातात घेऊन खाली ठेवत गेला. "वा. छान जमवलेत, अप्पा. जपून ठेवा." शेजारच्या टेबलांवरचे लोक आले, त्यांनीही माना डोलावल्या. एक जण तोंडाला रुमाल लावून खोकत बाहेर गेला. अप्पांना बिनसाखरेचा चहा आला, खुर्ची आली, कुणीतरी पंखा त्यांच्याकडे वळवला.

लातूरच्या बसमध्ये अप्पा खिडकीकडे बसले. बस अजून स्टँडवरच होती.

"मुखेड, भिंग किती वेळा लावलं त्यानं?"

मी कंडक्टर कुठे दिसतो का ते बघायला लागलो.

"तीनदा. बत्तीस नाणी अन् तीनदा भिंग. वर पंखा वळवला." मग म्हणाले, "मी कवा कुणाकडं पंखा वळवला का रे?"

"न्हाई, अप्पा."

"मंग झालं."

कंडक्टर आला. अप्पांनी पाकीट मांडीवर मोकळं केलं आणि त्याला नाणी मोजून द्यायला लागले. तो वैतागला, "बाबा, एवढी चिल्लर? फोनवरून द्या की." अप्पांनी ऐकलं नाही. देता देता थांबले.

"ह्यातलं तुझं कुठलं?"

मी शोधून दाखवलं. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं, मान तिरपी करून. "हे बी?"

कंडक्टर उभाच होता. मला काय झालं माहीत नाही. म्हणालो, "न्हाई अप्पा. हे खरं हाय. मी स्वतः भिंगानं बघितलंय."

त्यांनी ते सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवलं आणि खिशावर हात ठेवून बसले. बाकीची एकतीस नाणी दोघांच्या तिकिटाला पुरली नाहीत. उरलेले मी घातले. अहमदपूर येईपर्यंत अप्पा त्या खिशावर हात ठेवून झोपले होते.

पुण्याहून त्यांचा मुलगा आला. गल्ल्याचं काय झालंय ते बघून त्यानं दुकानात उभं राहून बापाला जे ऐकवलं ते मी इथे सांगत नाही. दुसऱ्या दिवशी तो त्यांना घेऊन गेला. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. नव्या माणसानं मला पायरीवर राहू दिलंय, महिन्याला भाडं घेतो. बायको, पोरगी इथेच आहेत. पोरगी लातूरच्या शाळेत जाते.

गेल्या महिन्यात कापडवाल्यानं सांगितलं, अप्पांची दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. आता सुईत दोरा ओवतात म्हणे. म्हणजे त्यांनी ते नाणं बघितलं असणार. पहिल्याच दिवशी बघितलं असणार. त्यांच्याकडे माझा नंबर आहे. फोन आला नाही.

अप्पा, साडेचार हजार साठलेत. सात पुरे झाले की मी पुण्याला येणार आहे. मनीऑर्डर करणार नाही, फोनवरूनही टाकणार नाही. स्वतः येऊन तुमच्या हातात ठेवीन, आणि तुम्ही जे बोलाल ते उभा राहून ऐकीन.