बंगल्याच्या बागेत माझं नाव

भूताखेताच्या गोष्टी सांगनाऱ्याला पारावरून उठवून लावनारा मानूस मी. शाळा चौथीपर्यंत. मी बोललो तसंच सून मोबाईलवर टाईप करून राह्यली. पटलं तं वाचा, न्हाई तं सोडा...

माझी बायको गयाबाई मागच्या दिवाळीआधी वारली. घरात जीव लागंना, म्हनून सुनेनं मला जाफराबादहून यष्टीनं जालन्याला नेलं. तिथं इंग्रज साहेबाचा जुना बंगला हाये — पांढरे गोल खांब, दरवाज्याएवढ्या खिडक्या, मागं बाग.

"मामा, याला जॉर्जियन म्हनतात. जॉर्ज राजांच्या काळातली बांधनी."

असंल. आमच्या गयानं तं हा बंगला जित्तेपनी पाह्यलाच न्हाई.

सून आत फोटो काढत राह्यली, मी बागेत गेलो. गुलाबाला पानी घालनारी म्हातारी, रशीदाबी, माझ्याकडं बघून हसली.

"तुम्ही लिंबाजी ना?"

"तुला कोनी सांगितलं?"

"तुमच्या घरवालीनं. दुपारी येऊन या बाकड्यावर बसती. डाव्या कानाची पाळी फाटेल हाये, तीच ना?"

"बाई, ती मरून साल होत आलं!"

तिच्या हातातला पाइप गळून पडला. "या अल्ला... काल तं बसेल व्हती! लिंबाजीला चहात साखर लई लागती, लिंबाजी झोपेत घोरतो... लिंबाजी-लिंबाजी करून डोकं खाती माझं."

खरं सांगतो, भ्या वाटलं न्हाई. अंगाची आग झाली. आमच्यात बाया नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. लग्नात उखाना घे म्हनले तं गया तोंडाला पदर लावून पळाली व्हती. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की शेजारनीला पुढं करायची. सारा जलम नुसतं "अहो" नि "ऐकलं का". अन् या परक्या बाईपाशी बिलकुल मोकळी?

"कसं म्हनती? म्हनून दाखव."

"लिंबाजी."

"तसं न्हाई, तिच्यावानी म्हन!"

"भाईजान, तिचा आवाज मी कुठून आनू?"

सून शपथ घेऊन सांगती, ती त्या बाईशी एक शब्द बोलली न्हाई. मंग रशीदाबीला माझं नाव कळलं कसं?

आता मी दर रविवारी जातो, त्याच बाकड्यावर बसतो. गया येत न्हाई. रशीदाबी म्हनती, "तुम्ही गेले की येती." मला त्या म्हातारीचं तोंड बघू वाटत न्हाई, अन् तिला सोडून दुसऱ्या कोनाला विचारताबी येत न्हाई.

उलगडा मला झाला न्हाई, कोनाला झाला तं सांगा. मरून तिची लाज गेली म्हनावं... तं मंग ती लाज माझ्यापुरतीच कशी उरली?